बीपी मशीनवर बदाम लुकलुकतोय, आईला एएफ निघालं, आता गोळी आयुष्यभर?

सातारकर_पुण्यात | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते, मी पुण्यात. बीपी आणि शुगर दोन्ही आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. तिला घरी बीपीचं डिजिटल मशीन आणून दिलंय, ती रोज सकाळी बघून कॅलेंडरवर लिहिते. गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा सहज शेजारी बसलो तर मशीनवर आकड्यांच्या बाजूला बदामाचं चिन्ह लुकलुकत होतं. म्हटलं हे काय? तर म्हणे "ते होय, ते तर दोन-तीन महिने येतंय, बदाम दाखवतो म्हणजे हार्ट चांगलं आहे". मी मशीनचं पुस्तक शोधून काढलं (अर्थातच पिशवीसकट कपाटावर ठेवलेलं होतं), त्यात लिहिलेलं की ठोके अनियमित असले की हे चिन्ह येतं. लगेच पाठोपाठ तीनदा मोजलं. १३८/८४, १५२/९०, १२६/७८. पल्स ९६, ११८, ८८. बाई एका जागी बसलेली आहे हो, आकडे असे कसे उड्या मारतात?

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले एट्रियल फिब्रिलेशन, एएफ. मग इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, व्हॉल्व्ह ठीक आहेत, डावीकडचा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय. थायरॉईड नॉर्मल, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ०.९. मेटोप्रोलॉल दिलंय आणि रक्त पातळ करायची ॲपिक्साबॅन ५, दिवसातून दोनदा. किती दिवस विचारलं तर म्हणाले कायमची समजा.

आता गंमत अशी की आईला काहीच होत नाहीये. छातीत दुखत नाही, चक्कर नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणते देवळाच्या पायऱ्या चढताना हल्ली दम लागतो, पण वय झालं की. त्यात मामा म्हणतोय एवढ्या महाग गोळ्या कशाला, मी अँजिओप्लास्टीनंतर दहा वर्षं ॲस्पिरिन घेतोय, तीच रक्त पातळ करते, तीच दे. आणि मेडिकलवाला म्हणतो आजींचं वजन ५४ आहे, अर्धी पुरेल. तर माझे प्रश्न: हे ठोके चुकणं खरंच एवढं धोक्याचं आहे का, आणि ज्या माणसाला त्रासच नाही त्याला आयुष्यभर रक्त पातळ करून ठेवायचं म्हणजे उलट रक्तस्रावाचीच भीती नाही का?

---

तीनताल_काका | रविवार, रात्री ११:२०

मी डॉक्टर नाही, तबला शिकवतो, पण चार वर्षं एएफवाला आहे म्हणून लिहितोय. माझं कसं कळलं सांगतो. एकदा क्लास संपल्यावर नुसता बसलो होतो, छातीत धडधड वाटली म्हणून मनगटावर बोटं ठेवली. आपल्याला सवय असते, चुकलेला ठेका सुद्धा कुठे चुकला ते सांगता येतं, नवीन पोरगं दर वेळी त्याच मात्रेला घाई करतं तशी ती चूकसुद्धा ठेक्यातच असते. इथे तसं काहीच नाही. दोन ठोके भरभर, मग एक लांब, मग तीन बारीक, मग एक दणकट, मग काहीतरी भलतंच. पाच मिनिटं धरून बसलो, समच सापडेना. चाळीस वर्षांत असला ताल ऐकला नव्हता. तुमच्या आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट डोळे मिटून बघा, मशीनपेक्षा जास्त कळेल.

गोळी मात्र सोडू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७:०५

काकांनी जे लिहिलंय ना "समच सापडेना", अगदी तेच आम्हाला पुस्तकात शिकवतात, फक्त एवढ्या छान शब्दांत नाही.

आधी आत काय चाललंय ते. हृदयाला चार कप्पे, दोन वर दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिणगी पाडणारं ठिकाण असतं, ते आराम करताना मिनिटाला ६० ते १०० वेळा ठिणगी टाकतं, ती वरून खाली जाते आणि सगळं एका लयीत आकसतं. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एकाच वेळी इकडून तिकडून ठिणग्या उडतात, मिनिटाला ३५० ते ६००. म्हणजे वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. सुदैवाने वरच्या आणि खालच्या मजल्याच्या मध्ये एक दरवान बसलेला आहे, तो सगळ्यांना आत सोडत नाही, जमेल तेवढे सोडतो आणि तेही कसेही, म्हणून नाडी वेडीवाकडी. मेटोप्रोलॉल त्या दरवानाला जरा कडक करायला असते. म्हणजे त्या गोळीने ठोके नियमित होतील असं समजू नका, फक्त वेग आवरतो. आणि मशीनचे आकडे उड्या मारतात त्याचं कारणही हेच, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त जातं. एएफवाल्यांनी तीनदा मोजून सरासरी धरावी, एका आकड्यावर घाबरू नये.

आता धोका. लोकांना वाटतं हृदय बंद पडेल, तर तसं सहसा होत नाही. भीती मेंदूची आहे. वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा आकसायचा थांबला की तिथलं रक्त फिरत नाही, आणि रक्त थांबलं की साकळतं. व्हॉल्व्ह ठीक असलेल्या एएफमध्ये १० पैकी साधारण ९ गुठळ्या त्याच पिशवीत होतात. तिथून सुटली की खालच्या कप्प्यात, तिथून महाधमनी, मानेतल्या नसा आणि मेंदू. एएफवाल्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट. आणि हा पक्षाघात बऱ्याचदा मोठा असतो, कारण गुठळी मोठी असते, ती मोठ्या नसेत अडकते. तीच गुठळी कधी पायात किंवा आतड्यातही जाते.

गोळी कोणाला द्यायची हे आम्ही त्रास होतो की नाही यावर ठरवत नाही, मार्क मोजून ठरवतो. हृदय कमजोर असेल तर १, बीपी १, शुगर १, हृदयाच्या किंवा पायाच्या नसांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा पुढे २, आधी पक्षाघात झालेला असेल तर २. पूर्वी बाई असण्याचाही १ धरायचे, २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांमध्ये तो काढला. तुमच्या आईचे वय, बीपी, शुगर मिळून ३. दोन झाले तरी आम्ही गोळी सुरू करा म्हणतो. यात "धडधड होते का" हा प्रश्नच नाही, बघा. ज्याला कळत नाही त्याची गुठळीही तशीच होते.

मामांना सांगा, त्यांची ॲस्पिरिन त्यांच्यासाठी बरोबर आहे. नसेत स्टेंट आहे, तिथे प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून ती असते. थांबलेल्या रक्ताची गुठळी वेगळ्या तऱ्हेने होते, तिथे ॲस्पिरिन फारशी कामाची नाही. २०११ साली याच दोन गोळ्या समोरासमोर तपासल्या होत्या, साधारण ५,६०० रुग्ण. ॲस्पिरिनवाल्यांत वर्षाला १०० मागे ३.७ जणांना पक्षाघात किंवा गुठळीचा झटका, ॲपिक्साबॅनवाल्यांत १.६. आणि मोठा रक्तस्राव? १.२ आणि १.४. म्हणजे मामा ज्या गोळीला सौम्य समजतात ती रक्तस्रावात जवळपास तेवढीच आणि तिच्यावर झटके दुपटीहून जास्त.

मेडिकलवाल्याला अर्धं माहिती आहे. डोस अर्धा करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आईंची एकच बसते. स्वतःहून अर्धी करू नका, वर्षातून एकदा-दोनदा किडनीची तपासणी करत राहा.

ओपीडीची वेळ झाली. बाकी रात्री.

---

रानवाटा | सोमवार, सकाळी ९:४८

लिहू की नको करत होते पण लिहितेच.

माझ्या वडिलांना एएफ होतं, गोळी चालू होती. दाढ काढायची म्हणून त्यांनी स्वतःच गोळी थांबवली, रक्त थांबणार नाही या भीतीने. कोणाला विचारलं नाही. दाढ निघाली, दोन दिवसांत जखम बरी झाली आणि गोळी परत सुरू करायचं राहूनच गेलं, त्यांच्याही लक्षात नाही आमच्याही नाही. पाच-सहा आठवडे काहीही झालं नाही. मग एका सकाळी चहा घेताना कप बशीत ठेवायला गेले तर कप बशीच्या बाजूला ठेवत होते. परत उचलला, परत बाजूला. आई हसली, म्हणाली झोप झाली नाही का. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं ते आम्हाला कळलंच नाही, तोंडात गोळी धरून बोलल्यासारखं. शेजारच्या काकू म्हणाल्या वाताचा झटका आहे, हाताला तेल चोळा. आम्ही तेल चोळलं हो. तासभर. मग साखरपाणी. गाडी मिळून हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सहा तास होऊन गेलेले.

आता चालतात काठी घेऊन. उजवा हात नाही उठत. आणि शब्द सापडत नाहीत, पाणी हवं असलं की "पेन दे" म्हणतात, आणि आपण पेन दिलं की इतके चिडतात की काय सांगू, कारण त्यांच्या मनात पाणीच असतं. कॉलेजात मराठी शिकवायचे.

---

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:३०

रानवाटा, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

यातलं सगळ्यांनी ध्यानात धरायचं ते एवढंच. चेहरा एका बाजूला ओढला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी झालं तरी तेल नाही, साखरपाणी तर मुळीच नाही, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन, आणि जिथे सीटी स्कॅन आहे असं हॉस्पिटल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तास असतात आणि ते तास आपल्याला कळल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ आणि रक्त पातळ करायची शेवटची गोळी कधी घेतली हे दोन्ही डॉक्टरांना सांगायचं, कारण गोळी नुकतीच घेतलेली असेल तर ते इंजेक्शन बहुतेक वेळा देता येत नाही, मग तारेने गुठळी ओढून काढता येते का ते बघतात.

दाढेचं म्हणाल तर साध्या दाढेसाठी बऱ्याचदा गोळी थांबवावीच लागत नाही, फार तर एखादा डोस पुढेमागे. ते डेंटिस्टने आणि गोळी देणाऱ्याने मिळून ठरवायचं. थांबवली तर परत कोणत्या तारखेला सुरू, ते कागदावर लिहून घ्यायचं.

---

मूळव्याध_ते_मधुमेह_सर्व_उपाय | सोमवार, रात्री ९:५५

या सगळ्या केमिकलच्या मागे लागू नका. अर्जुनसालीचा काढा आणि सकाळी अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या, नाडी सहा आठवड्यांत सरळ. आमच्याकडे अनुभव आहे. पूर्वीचे वैद्य नुसत्या नाडीवर सगळं ओळखायचे.

---

तीनताल_काका | सोमवार, रात्री १०:०४

नाडीवर ओळखता येतं हे कबूल, मीही ओळखली. ओळखल्यावर पुढे काय करायचं हा प्रश्न आहे.

---

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, रात्री १०:११

फोडणीतला लसूण खुशाल खा, काही होत नाही. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सुला, काढे वगैरे वेगळे चालू केले तर डॉक्टरांना सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. त्याहून वाईट म्हणजे गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. आमच्याकडे पोटात रक्तस्राव होऊन काळी शी होते म्हणून येणाऱ्या आज्या बऱ्याचदा त्याच्यामुळे येतात आणि दोष जातो हार्टच्या गोळीला. दुखलं तर पॅरासिटामॉल.

---

वऱ्हाडी_मीनल | मंगळवार, दुपारी २:१७

मी अकोल्याची, वय ४४, मला पण एएफ हाय पण माझी गोष्ट थोडी वेगळी म्हणून लिहिते. लहानपणी सारखा घसा यायचा आणि सांधे सुजायचे, तेव्हा कोणी एवढं लक्ष दिलं नाही, मोठेपणी कळलं की हृदयाचा एक व्हॉल्व्ह (माइट्रल) आकसला, रुमॅटिकवाला. मी पण मागे इथेच वाचून डॉक्टरांना म्हटलं मला ती नवीन गोळी द्या ना ज्याला सारखं रक्त तपासावं लागत नाही, तर ते म्हणाले तुला नाही चालत, तुला ॲसिट्रॉमच (रक्त पातळ करायची जुनी गोळी). खूप राग आला होता तेव्हा.

तर ज्यांना ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन आहे त्यांच्यासाठी: आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) २ ते ३ मध्ये पाहिजे. पालेभाजी बंद करायची नाही, फक्त रोज साधारण सारखी ठेवायची. मी आधी भीतीने मेथी पालक सगळं सोडलं होतं, मग लग्नसराईत चार दिवस पालकाची भाजी झाली आणि आयएनआर धपकन १.४ वर. आणि जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल घेतली होती कोणाला न विचारता, तेव्हा उलटा ५ च्या वर गेला, दात घासताना रक्त. तेव्हापासून पर्समध्ये चिठ्ठी असते, कोणतीही गोळी लिहायच्या आधी डॉक्टरला ती दाखवते.

---

तालुक्याचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ८:५०

मीनलताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. रुमॅटिक व्हॉल्व्हच्या एएफमध्ये नवी गोळी (रिव्हारॉक्साबॅन) आणि जुनी यांची तुलना झाली, २०२२ साली निकाल आला, जुनी गोळी सरस ठरली, मृत्यूही कमी. आपल्याकडे हा व्हॉल्व्हचा आजार अजून खूप आहे म्हणून इको न करता नवी गोळी सुरू करू नये. सातारकर, तुमच्या आईचा इको झालाय, व्हॉल्व्ह ठीक आहेत, तुम्हाला हा प्रश्न नाही.

---

कीबोर्डबडव्या | मंगळवार, रात्री ११:३६

धागा वाचून मला आता झोप लागणार नाही. वय ३२, आयटी. रात्री आडवा झालो की मध्येच एक ठोका चुकतो, मग एकदम धाडकन एक मोठा. मनगटावर स्मार्ट घड्याळ आहे, ते काही बोलत नाही. २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं मशीन) लावलं होतं मागच्या वर्षी, त्यात दोनशेच्या आसपास "एक्स्ट्रा" ठोके आले, इको नॉर्मल, डॉक्टर म्हणाले कॉफी कमी कर आणि विसरून जा. विसरू कसं? मला पण एएफच आहे का?

---

तालुक्याचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ६:५८

नाही. तुमचा ठोका चुकत नाहीये, तो आधीच येऊन गेलेला असतो. वेळेआधी एक छोटा ठोका येतो, त्यात रक्त कमी असतं म्हणून तो जाणवत नाही, मग हृदय जरा थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा धाडकन लागतो. आपल्याला रिकामी जागा आणि धक्का एवढंच कळतं. दिवसाला लाखभर ठोके पडतात, त्यात दोनशे इकडेतिकडे म्हणजे काही नाही. काकांच्या भाषेत, ताल शाबूत आहे, मध्ये एखादी मात्रा घाईत पडते.

पण पळताना किंवा जिना चढताना चक्कर येऊन पडलात, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर मात्र विसरू नका, हार्टवाल्याकडे जा. घड्याळ एएफ बऱ्यापैकी पकडतं, पण हार्ट अटॅक पकडत नाही. छातीत दुखतंय आणि घड्याळ गप्प आहे म्हणून घरी बसलेला एक जण मी पाहिलाय.

कॉफीपेक्षा शुक्रवार रात्रीची बसायची सवय असेल तर ती बघा. दारूनंतर दुसऱ्या दिवशी एएफ सुरू झालेले पेशंट सुट्ट्यांनंतर हमखास येतात. आणि घोरणं. रात्री श्वास अडकणाऱ्यांना एएफ जास्त होतं, बायकोला विचारा.

---

कीबोर्डबडव्या | बुधवार, सकाळी ९:१०

बायकोने आत्ताच तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. धन्यवाद (की काय).

---

सातारकर_पुण्यात | रविवार, संध्याकाळी ७:२५

सगळ्यांचे आभार. काल गावी जाऊन आलो. रानवाटा, तुमचा प्रतिसाद मामाला जसाच्या तसा वाचून दाखवला, बशीपर्यंत आल्यावर तो म्हणाला पुढचं नको वाचूस.

मग सहज म्हणून आईच्या गोळ्या मोजल्या. १८ दिवसांपूर्वी ६० आणल्या होत्या. रोज दोन म्हणजे ३६ संपायला हव्यात, २४ उरायला हव्यात. उरल्या होत्या ४०. विचारलं तर आधी म्हणाली मोजण्यात चूक असेल, मग म्हणाली संध्याकाळी भजनाला जाते तेव्हा राहते, आणि शेवटी खरं कारण, "सकाळी एक घेतली की दिवसभर बरं वाटतं, मग दुसरी कशाला फुकट घालवायची, महिन्याची दोन महिने पुरते". बरं वाटायचा आणि त्या गोळीचा काही संबंधच नाही हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पूर्ण पटलंय असं मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता साताऱ्यातून सकाळ-संध्याकाळ असे १४ खण असलेला डबा आणलाय. संध्याकाळची गोळी टाळांच्या पिशवीशेजारी ठेवायची ठरलंय, टाळ घेतले की गोळी. राहिलीच तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. जेनेरिकची किंमतही विचारली, बरीच कमी पडते, तीच चालेल म्हणाले.

एक राहिलं, डॉक्टरसाहेब. तुम्ही म्हणालात तसं तीनदा मोजून सरासरी काढायला सांगितली, तर ती म्हणते कॅलेंडरवर एवढी जागा नाही.

---

तीनताल_काका | रविवार, संध्याकाळी ७:५१

भजनाला टाळ कोण धरतं, आई? मग त्यांना सांगा, आतला ताल गेला तरी हातातला गेलेला नाही. आणि कॅलेंडर सोडा, वही द्या. मी क्लासच्या हजेरीवहीत मागच्या पानावर लिहितो, पोरांना वाटतं फीचा हिशेब आहे.